कॉर्ड ब्लड प्रत्यारोपणाआधी प्रतिकारशक्ती मुद्दाम का दाबतात?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ ५२ वर्षांचा असून अमेरिकेत मिनीॲपोलिसजवळ राहतो. दोन वर्षांपूर्वी त्याला ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) झाला. केमोने तो आटोक्यात आला होता, पण यंदा उलटला. पुन्हा केमो झाली आणि आता तपासणीत आजार दिसत नाही. आम्ही दोघेच भावंडे आहोत आणि माझे एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा) त्याच्याशी अजिबात जुळले नाही. आई नाही, वडील ८१ वर्षांचे हृदयरुग्ण आहेत, भावाला मूलबाळ नाही आणि रजिस्ट्रीतही दाता सापडला नाही. म्हणून आता दोन बाळांच्या नाळेचे रक्त (कॉर्ड ब्लड) त्याला देणार आहेत आणि त्याआधी आठवडाभर औषधांनी व रेडिएशनने त्याची प्रतिकारशक्ती मारणार आहेत. दोन वर्षे मी त्याला फोनवर ‘प्रतिकारशक्ती वाढव’ म्हणून सांगत आले आणि आता डॉक्टरच ती मारायला निघाले आहेत. आजार गेलेला असताना हे कशासाठी? शिवाय ते ‘रिड्यूस्ड इंटेन्सिटी’ म्हणतात, म्हणजे उपचार अर्धवट तर ठरणार नाहीत ना? काळजी घ्यायला मी साताऱ्याहून जाणार आहे. गुळवेल सत्त्व आणि च्यवनप्राश नेऊ का? माझ्या मुलीने तिच्या बाळाच्या नाळेचे रक्त पुण्यात खासगी बँकेत ठेवले आहे, ते चालणार नाही का? भावाचे वजन ७२ किलो आहे.
— एक निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर :

ताई, तुमचे पत्र मी दोनदा वाचले. प्रत्यारोपण विभागात काम करीत असताना नातेवाइकांकडून हाच प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे, आणि ज्यांना त्याचे नीट उत्तर मिळते, त्यांच्या हातून पुढच्या शंभर दिवसांत चुका कमी होतात, असा माझा अनुभव आहे. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

‘आजार गेलेला असताना’ असे तुम्ही लिहिले आहे. इथपासूनच सुरुवात करायला हवी. ल्युकेमियाचे निदान होते तेव्हा शरीरात साधारण एक लाख कोटी कर्कपेशी असतात. केमोनंतर त्या शंभर कोटींपर्यंत उतरल्या, तरी सूक्ष्मदर्शकाखाली मगज (हाडांच्या आतला रक्त तयार करणारा भाग, म्हणजे अस्थिमज्जा) स्वच्छ दिसू शकतो आणि अहवालात ‘रेमिशन’ असे लिहून येते. आता याहून बारीक तपासण्या आहेत हे खरे. परंतु एकदा उलटलेला आजार पुन्हा आटोक्यात आला, म्हणजे तो संपला, असे कोणताही जाणता डॉक्टर म्हणणार नाही. तुमच्या भावाचा आजार दबलेला आहे, आणि तो दबलेला असतानाच प्रत्यारोपण उरकून घेणे ही त्याच्या डॉक्टरांची योग्य घाई आहे.

आता प्रतिकारशक्तीचे पाहू. भावाची प्रतिकारशक्ती म्हणजे मुख्यतः त्याच्या टी-पेशी. आपले कोण आणि परके कोण, हे त्या ओळखतात. ल्युकेमियाच्या पेशी त्याच्याच मगजात जन्मलेल्या असल्यामुळे टी-पेशींना त्या पुरेशा परक्या वाटल्या नाहीत; म्हणून तर आजार वाढला. उलट बाहेरून आलेल्या पेशी टी-पेशींना तत्काळ परक्या वाटतात आणि टी-पेशी त्यांना मारून टाकतात. म्हणजे ज्या कामासाठी ही शक्ती हवी होती ते तिच्याकडून झाले नाही, आणि जे होऊ नये ते मात्र ती चोख करील. तिला दाबल्याशिवाय नव्या पेशींना घर मिळणार नाही. प्रत्यारोपणाआधीच्या या उपचारांना ‘कंडिशनिंग’ म्हणतात. शिल्लक कर्कपेशी मारणे, मगजात जागा करणे आणि रुग्णाची जुनी प्रतिकारशक्ती नमवणे, ही त्याची कामे. दाता सख्खा आणि पूर्ण जुळणारा असेल, तर यांतले तिसरे काम तुलनेने सोपे असते. नाळेच्या रक्ताच्या बाबतीत मात्र तेच सर्वांत अवघड ठरते.

त्याचे पहिले कारण म्हणजे पेशींची संख्या. नाळेच्या रक्ताची पिशवी निवडताना रुग्णाच्या दर किलो वजनामागे किमान अडीच कोटी पांढऱ्या पेशी असाव्यात, असा सर्वसाधारण दंडक आहे. ७२ किलोंच्या माणसासाठी हा आकडा १८० कोटींवर जातो. ऐकायला तो मोठा वाटतो. पण प्रौढ दात्याच्या मगजातून मिळतात त्याच्या जवळपास दहाव्या हिश्शाइतक्याच या पेशी असतात. बाळाची नाळ ती केवढी आणि तिच्यात रक्त ते किती! प्रौढांना बहुधा दोन पिशव्या द्याव्या लागतात, त्या यासाठीच. दुसरे कारण असे की नाळेच्या रक्ताचे एचएलए पूर्ण जुळावेच लागते असे नाही. सहा खुणांपैकी चार जुळल्या तरी चालते. ज्यांना दाता मिळत नाही त्यांच्यासाठी हे वरदानच आहे, आणि भारतीय वंशाच्या माणसांना त्याची गरज अधिक पडते, कारण नोंदणी केलेल्या दात्यांत आपल्या वंशाची माणसे फार थोडी आहेत. परंतु जुळणी जितकी कमी, तितका रुग्णाच्या शरीराचा विरोध जास्त. आणि तिसरे कारण, नवजात बाळाच्या टी-पेशींनी अजून जगच पाहिलेले नसते. प्रौढ दात्याच्या अनुभवी टी-पेशी रुग्णाच्या उरल्यासुरल्या पेशींशी झुंजून आपली जागा करून घेतात. बाळाच्या पेशींना ते तितकेसे जमत नाही. थोड्या, अर्धवट जुळणाऱ्या आणि अननुभवी अशा या पेशी रुजाव्यात म्हणून जमीन आधी नीट तयार करावी लागते. ती कच्ची राहिली, तर पेशी रुजतच नाहीत, आणि तो प्रसंग कंडिशनिंगच्या त्रासापेक्षा कितीतरी बिकट असतो. तेव्हा, ‘डॉक्टरांना सांगून औषध आणखी थोडे कमी करून घ्या’ असे भावाला चुकूनही सुचवू नका.

‘रिड्यूस्ड इंटेन्सिटी’ या शब्दाने तुम्ही घाबरून गेला आहात. यात ‘कमी’ काय केले जाते ते समजून घ्या. पूर्ण तीव्रतेच्या एका प्रचलित पद्धतीत सर्वांगाला एकूण १३.२ ग्रे (ग्रे हे रेडिएशन मोजण्याचे एकक) रेडिएशन चार दिवसांत आठ वेळा विभागून देतात आणि सायक्लोफॉस्फामाइड हे केमोचे औषध दर किलोला १२० मिलिग्रॅम देतात. त्याने मगज पार रिकामा होतो, पण पन्नाशी ओलांडलेल्या आणि आधीच दोनदा जबर केमो सोसलेल्या माणसाची फुप्फुसे, यकृत आणि आतडी तेवढा मार झेलतीलच असे नाही. कमी तीव्रतेच्या पद्धतीत मगजावरचा आणि इतर अवयवांवरचा मार कमी करतात. प्रतिकारशक्तीवरचा मात्र कमी करीत नाहीत. हा फरक मनात पक्का धरा, कारण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आहे.

मिनेसोटा विद्यापीठात या पद्धतीवर बरेच काम झाले आहे. तिथली रचना ढोबळमानाने अशी. प्रत्यारोपणाच्या दिवसाला शून्य म्हणतात आणि त्याआधीचे दिवस उणे मोजतात. उणे सहाव्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड, दर किलोला ५० मिलिग्रॅम, एकदाच. उणे सहापासून उणे दोनपर्यंत रोज फ्लुडाराबिन. उणे एकला सर्वांगाला २ ग्रे रेडिएशन, एकाच बैठकीत. उणे तीनपासून सायक्लोस्पोरिन आणि मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू होतात आणि प्रत्यारोपणानंतरही चालू राहतात. यांतले फ्लुडाराबिन हे खास टी-पेशी आणि त्यांच्या भाईबंदांवर चालणारे औषध आहे. उलटी, तोंड येणे यांसारखा त्रास त्याने फारसा होत नाही, त्यामुळे ते सौम्य वाटते, पण प्रतिकारशक्ती ते मुळापासून हलवते. या पद्धतीने उपचार घेतलेल्या ११० प्रौढांचे निष्कर्ष तिथल्या डॉक्टरांनी २००७ साली प्रसिद्ध केले. त्यांपैकी ९२ टक्क्यांच्या रक्तात न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, पुन्हा वाढल्या, त्याही मध्यमानाने १२ दिवसांत, आणि तीन वर्षांनंतर ४५ टक्के रुग्ण हयात होते. हा आकडा मी तुमच्यापासून लपवणार नाही. हे उपचार धोक्याचेच आहेत. परंतु दुसऱ्यांदा आटोक्यात आणलेला ल्युकेमिया नुसता सोडून दिला तर काय होते, हे मी पाहिलेले आहे, आणि त्याच्याशी तुलना करता हा आकडा मला आशेचा वाटतो. त्यानंतर विषाणू आणि बुरशी यांवरची औषधेही सुधारली आहेत.

मधला मार्गही आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरिअल स्लोन केटरिंगमध्ये याच औषधांना थायोटेपा या केमोच्या औषधाची जोड देऊन रेडिएशन ४ ग्रेपर्यंत नेणारी पद्धत रूढ झाली. भावाला थायोटेपा देणार असतील, तर ते घामावाटे त्वचेवर येते आणि त्वचा भाजते, म्हणून त्या दिवसांत त्याला दिवसरात्र ठरावीक तासांनी आंघोळ करावी लागेल. अंगाला तेल किंवा क्रीम लावायचे नाही आणि चादरीही सारख्या बदलायच्या. अशा वेळी मध्यरात्री उठवून आंघोळीला नेणारे घरचे माणूस जवळ असले की फार बरे पडते.

मग शिल्लक कर्कपेशींचे काय, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. कमी तीव्रतेच्या पद्धतीत आजार उलटण्याचा धोका पूर्ण तीव्रतेपेक्षा काहीसा अधिक राहतो, हे मान्य करूनच ही निवड केलेली असते. शिल्लक पेशी मारण्याचे पुष्कळसे काम नव्या प्रतिकारशक्तीवर सोपवलेले असते. बाळाच्या रक्तातून उगवलेल्या टी-पेशींना भावाचा ल्युकेमिया परका वाटतो आणि त्या त्याच्यावर तुटून पडतात. सिएटलच्या डॉक्टरांनी ५८२ रुग्णांचा अभ्यास करून २०१६ साली दाखवून दिले, की प्रत्यारोपणाच्या वेळी ज्यांच्यात आजाराचा सूक्ष्म अंश शिल्लक होता, त्यांच्यात कॉर्ड ब्लडनंतर आजार उलटण्याचे प्रमाण इतर दात्यांच्या तुलनेत कमी होते. तेव्हा तुम्ही भावाला दोन वर्षे जे सांगत आलात ते चुकीचे नव्हते. प्रतिकारशक्तीच त्याला वाचवणार आहे, फक्त ती दुसऱ्याकडून आलेली असेल.

रुग्णाच्या प्रकृतीप्रमाणे माप बदलणे हे काही अलीकडचे नाही. नाळेच्या रक्ताचे जगातले पहिले प्रत्यारोपण १९८८ साली पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात एलिआन ग्लुकमन यांनी केले. रुग्ण होता फँकोनी ॲनिमिया झालेला एक अमेरिकन मुलगा, आणि रक्त होते त्याच्या नुकत्याच जन्मलेल्या बहिणीच्या नाळेचे. या आजारात पेशी औषध आणि किरण यांपुढे अतिशय नाजूक असतात, म्हणून त्याला सायक्लोफॉस्फामाइड नेहमीच्या मानाने फारच थोडे दिले गेले. ते पुरेसे ठरले. मुलगा बरा झाला.

भावाच्या डॉक्टरांना एक प्रश्न मात्र अवश्य विचारायला सांगा : एटीजी देणार आहात का, आणि देणार असाल तर का? सशाच्या किंवा घोड्याच्या शरीरात तयार केलेली ही प्रतिपिंडे टी-पेशींचा फडशा पाडतात. नवे रोप नाकारले जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. अडचण अशी की हे औषध, विशेषतः सशाचे, रक्तात दीर्घकाळ रेंगाळते आणि नुकत्याच आलेल्या बाळाच्या टी-पेशींनाही मारते. मग नवी प्रतिकारशक्ती उभी राहायला उशीर होतो आणि विषाणूंना रान मोकळे मिळते. मिनेसोटाच्या पद्धतीत मागच्या काही महिन्यांत जबर केमो न झालेल्यांनाच एटीजी देत असत. ज्यांना केमो नुकतीच झाली आहे, त्यांची जुनी प्रतिकारशक्ती आधीच खचलेली असते. तुमचा भाऊ या दुसऱ्या गटात मोडतो. निर्णय अर्थातच त्याच्या डॉक्टरांचा, पण हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. त्याच बैठकीत हेही विचारावे, की निवडलेल्या दोन पिशव्यांच्या एचएलएविरुद्ध भावाच्या रक्तात प्रतिपिंडे आहेत का, हे तपासले आहे ना. पूर्वी खूप वेळा रक्त चढवले असेल तर अशी प्रतिपिंडे तयार होतात, आणि ती असली तर कंडिशनिंग कितीही चांगले झाले तरी पेशी रुजण्यात अडथळा येतो.

आता गुळवेल. ताई, ती साताऱ्यालाच राहू द्या. च्यवनप्राशही राहू द्या. यात आयुर्वेदाचा अनादर नाही. जी औषधे प्रतिकारशक्तीला चेतवतात म्हणून आपण घेतो, ती प्रतिकारशक्ती दाबण्याच्या आठवड्यात पोटात जाणे म्हणजे एका हाताने आग विझवायची आणि दुसऱ्या हाताने तेल ओतायचे. त्यातच करोनाच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी प्रसिद्ध केली होती, आणि कंडिशनिंगच्या दिवसांत यकृतावर आधीच पुष्कळ भार असतो. वडीलधारी मंडळी पुडी बांधून देतील आणि ‘चिमूटभराने काय होते’ असेही म्हणतील. चिमूटभरसुद्धा नको. स्वयंपाकातली हळद चालेल, हळदीच्या कॅप्सूल नकोत. पपनस आणि ग्रेपफ्रूट पूर्ण बंद, कारण त्यांनी रक्तातले सायक्लोस्पोरिन वाढते. घरी लावलेले दही, ताक, लोणचे यांबाबत तिथल्या आहारतज्ज्ञांना विचारूनच काय ते ठरवा.

कंडिशनिंगच्या दिवसांत तुम्हाला करण्यासारखे पुष्कळ आहे. सायक्लोफॉस्फामाइडच्या दिवशी सलाईन चालू असते आणि मूत्राशयाला जपण्यासाठी मेस्ना नावाचे औषध देतात. तरीही दर दोन तासांनी लघवीला जाणे महत्त्वाचे असते, रात्रीसुद्धा. लघवी लालसर दिसली तर लगेच परिचारिकेला सांगा. रेडिएशनच्या दिवशी मळमळ होईल, कदाचित जबडा दुखेल. त्यानंतर त्याच्या अंगात किरण राहत नाहीत, तेव्हा जवळ बसायला किंवा हात धरायला भिऊ नका. फक्त हात धुऊन जा.

मग शून्य दिवस उजाडतो. उणे १९६ अंश तापमानात ठेवलेली पातळ चपटी पिशवी धातूच्या डबीतून निघते. कोमट पाण्यात ती वितळवतात आणि नळीला जोडतात. आत असते दोन-चार मोठे चमचे लाल द्रव. बहुतेक नातेवाईक तिच्याकडे पाहून हळूच विचारतात, ‘एवढेच?’ होय, एवढेच. दोन्ही पिशव्या चढवायला फारसा वेळ लागत नाही. खोलीत लसणासारखा उग्र वास पसरतो आणि तो भावाच्या श्वासालाही एखादा दिवस येत राहील. गोठवताना पेशी फुटू नयेत म्हणून घातलेल्या द्रावणाचा तो वास असतो. घाबरू नका.

पुढचे दिवस मोजण्याचे. रोज पांढऱ्या पेशींचा आकडा येईल आणि तो बरेच दिवस जवळजवळ शून्यच असेल. वाढू लागला की सर्वांना आनंद होईल, पण कमी तीव्रतेच्या पद्धतीत सुरुवातीच्या पेशी भावाच्या स्वतःच्याही असू शकतात. म्हणून ‘कायमेरिझम’ ही तपासणी करतात. रक्तातला किती हिस्सा कोणाचा, हे तिच्यातून कळते. दोन बाळांपैकी अखेरीस बहुधा एकाच्याच पेशी टिकतात. कोणाच्या टिकतील, हे आधी सांगता येत नाही.

एक गोष्ट लिहून ठेवा. या काळात भाऊ अचानक गोंधळल्यासारखा वागू लागला, पाच मिनिटांपूर्वीचे बोलणे विसरू लागला, तर थकवा म्हणून सोडून देऊ नका, त्याच क्षणी डॉक्टरांना सांगा. नाळेच्या रक्ताच्या प्रत्यारोपणानंतर एचएचव्ही-६ नावाचा विषाणू मेंदूपर्यंत पोचण्याचा धोका अधिक असतो, आणि असा बदल परिचारिकेच्या आधी त्याच्याशी मराठीत बोलणाऱ्या बहिणीच्याच लक्षात येईल.

मुलीच्या बाळाचे साठवलेले रक्त याला उपयोगी नाही. बाळाची आपल्या आईच्या मामाशी एवढी जुळणी होण्याचा संभव थोडा असतो, आणि डॉक्टरांनी सार्वजनिक बँकांतून भरपूर पेशी असलेल्या पिशव्या निवडून घेतल्या आहेत. खासगी बँकांमधील अशा व्यापारी साठवणुकीची शिफारस आयसीएमआर (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) करीत नाही, हेही मुलीला सांगून ठेवा. पुढचे पैसे भरायचे की नाही हे तिला ठरवता येईल.

आणि तुमचे एचएलए जुळले नाही याबद्दल जो अपराधीपणा तुमच्या पत्रात ओळीओळींत दिसतो, तो कृपा करून बाजूला ठेवा. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के, अर्धे जुळण्याची ५० टक्के आणि मुळीच न जुळण्याची २५ टक्के असते. आईवडिलांकडून कोणाला काय आले, त्याचा हा हिशेब आहे. त्यात प्रेमाची टक्केवारी नसते.

उणे सहाव्या दिवसाच्या निदान आठवडाभर आधी पोचा, म्हणजे प्रवासातली सर्दी असेल तर ती कळेल. सर्दी असताना त्याच्या खोलीत जायचे नाही. निघण्यापूर्वी साताऱ्यातच फ्लूची लस टोचून घ्या. आणि गुळवेलीच्या जागी बॅगेत मऊ सुती, समोरून बटणे असलेले सदरे भरा. त्याच्या छातीत औषधांची नळी बसवलेली असेल, त्यामुळे डोक्यावरून घालायचे बनियन किंवा टी-शर्ट घालणे त्याला अवघड जाईल.